कॅसेटचा कोपरा

"हा कोपरा कुणी तोडला?" नौशीनने कॅसेट एकनाथच्या नाकासमोर धरली.

"मीच, मॅडम."

घ्या! वर तोंड करून कबुलीसुद्धा. नौशीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आखातातल्या सूर बंदराच्या या छोट्या संग्रहालयातली ही एकुलती एक व्हिडिओ कलाकृती. म्हातारा मुस्तफा चाळीस मिनिटं गलबताच्या फळ्या ठोकतो, बास. मुस्तफा गेला, त्याचं चित्रण करणारी बाईही गेली. नक्कल कुठेच नाही. ही कॅसेट जपायलाच नौशीनला मुंबईहून बोलावलं होतं. आणि इथे हा गुहागरचा ऑपरेटर तिची मोडतोड करून बसला होता!

"मुद्दाम तोडला मी. तो तुकडा असला की हे मशीन आपणहून टेपवर..."

"मशीनवर ढकलू नका!"

मशीन म्हणजे जुनापुराणा व्हीसीआर. पूर्वी गेटवरच्या कॅमेऱ्याला जोडलेला, त्या वायरी अजून मागे खोचलेल्याच, लोंबत होत्या. सगळा गबाळा कारभार.

"ऐकून तरी घ्या, मॅडम. रोज सकाळी आठला..."

"खलास! आता काय ते सफियाबाईंसमोर बोला."

संचालिका सफियाबाईंसमोर एकनाथला बोलू दिलं कुणी? नौशीनने इंग्रजीत दोन पानी तक्रार वाचली, फोटो दाखवले. बावीस वर्षांची नोकरी दहा मिनिटांत संपली. उद्या सकाळी गेटवर कार्ड जमा करायचं, असं ठरलं.

"बरं झालं, पीडा टळली," नौशीन पुटपुटली. दुपारभर बसून तिने तो इवलासा प्लॅस्टिकचा तुकडा नव्याने घडवला, रंग जुळवून चिकटवला. जोड कुठे आहे ते तिचं तिलाच दिसेना. कॅसेट सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळून तिने मशीनमध्ये घातली. सकाळी दहाला सफियाबाईंना दाखवायची आणि लगेच कॉम्प्युटरवर उतरवायची.

सकाळी आठ वाजून गेल्यावर ती पोचली. गेटवर एकनाथ कार्ड देत होता. तिला बघून तो लगबगीने पुढे आला, काहीतरी बोलू लागला. हिने मान वळवली आणि तडक आत गेली. मेली कटकट!

आत मशीनवर लाल दिवा लागला होता. चला, मशीन तयार आहे. ती चहा प्यायला गेली.

दहाला सफियाबाई खुर्चीत बसल्या. कॅसेट पुढे सरकलेली दिसली; नौशीनने ती मागे गुंडाळली आणि बटण दाबलं.

फळ्या नाहीत. मुस्तफा नाही. पडद्यावर संग्रहालयाचं गेट होतं, पहारेकरी जांभई देत होता.

"हे काय?" सफियाबाईंनी विचारलं.

नौशीनने टेप पुढे पळवली. गेट. गेटच. मग एकनाथ आला, कार्ड काढलं. मागोमाग ती स्वतः. आवाज नव्हता. पडद्यावरचा एकनाथ दोन बोटांत काहीतरी धरून कट्कन मोडून दाखवत होता, पुन्हा पुन्हा, आणि ती मान वळवून आत शिरत होती.