सातव्या रकान्यातलं भोक

छप्पन साली कचेरीत यंत्र आलं आणि साहेबांनी डोळे वापरायचं सोडलं. यंत्राची सगळी आठवण पुठ्ठ्याच्या कार्डांवर होती. दर माणसाचं एक कार्ड. सातव्या रकान्यात भोक असलं, की तो माणूस मेला. पोंभुर्ण्याचा लटारू ढिवर तलावात मासे धरायचा परवाना मागायला आला, तेव्हा यंत्रानं त्याला मयत ठरवलं.

“साहेब, मी तं तुमच्यासमोर उभा आहो!”

“यंत्र चुकत नाही. हे बघ भोक.”

लटारूनं कार्ड झटकलं. टेबलावर माती सांडली, तिच्यात एक वाळवी वळवळत होती.

“भोक इनं पाडलं, साहेब. मले काऊन मारता?”

साहेबांनी वाळवी फुंकरीनं उडवली आणि शिक्का उचलला.

“जिवंत माणसाच्या कार्डाला वाळवी लागेलच कशी?”