मावळतीचा दगड

“मॅडम, बारवेच्या पायऱ्या उगवतीला हायत. तुमी मावळतीला कावून मशीन लावायलात?” राधाकिशन यांनी विचारले.

माया मॅडम रडारने जमिनीखालचे बांधकाम शोधायला आल्या होत्या. जुन्या गावाच्या पांढरीच्या टेकाडाशेजारी एक सपाट दगड अर्धा मातीत रुतलेला होता. नकाशाची घडीही न उलगडता त्यांनी रडारची गाडी त्या दगडापासूनच ढकलण्यास आरंभ केला.

दिंद्रुडजवळचे हे रान राधाकिशन व त्यांचे थोरले बंधू बंकट यांच्या मालकीचे. वडिलांच्या बालपणी पुरात जुने गाव ढासळले आणि त्याच्या मातीखाली पुरातन बारव बुजली, असे घरात सांगत. आज यंत्राला ती दिसली नाही, तर उद्या टेकाड सपाट करून ऊस लावण्याचे बंकट यांनी ठरविले होते. राधाकिशन यांना तो विचार सोसवत नव्हता.

“हा दगड कशाचा?” मॅडमनी विचारले.

“बैलं बांधत असतील. आमच्या घरात त्याचं कुणी काई सांगितलं न्हाई.”

“मशीनला बी ऊसच दिसंल बे, राधा,” बंकट बांधावरून म्हणाले.

थोड्याच अंतरावर पडद्यावरील करड्या रेषा एकाएकी वाकल्या आणि पुढे एकाखाली एक उतरत गेल्या.

“दगडी भिंत आहे,” मॅडम म्हणाल्या. “आणि पलीकडे पायऱ्या. उगवतीलाच.”

बंकट जवळ येऊन पडद्यावर वाकले. “ऊस काय, खालच्या रानात बी येतो,” ते म्हणाले.

उत्खननात हिवाळा सरला. शेवटच्या पायरीखाली पाझर फुटला, तेव्हा सारा गाव लोटला. नव्या पाण्याची पहिली ओंजळ शोधणाऱ्याची, हा तेथील रिवाज. राधाकिशन यांनी घासलेली कळशी मॅडमपुढे धरली.

“हा मान माझ्या आजीचा,” मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या मोटारीतून चतुराबाई काठी टेकीत उतरल्या. पायऱ्या उंच होत्या. राधाकिशन यांनी मावळतीच्या काठावरचा तोच सपाट दगड आपल्या उपरण्याने आदरपूर्वक पुसला.

“आजी, बसा इथं. मी पाणी आणून तुमच्या वंजळीत वततो.”

चतुराबाईंनी दगडावरून हात फिरविला. मात्र त्या बसल्या नाहीत.

“ह्या दगडावर लहानपणी लई बसले, बाबा, कुणीतरी वरून पाणी वतंल म्हनून. आज मला उतरू दे.”