चिमूटभर राख

शेवटच्या वर्षी आई रोज सकाळी चुलीतली चिमूटभर राख घेऊन हातातलं चांदीचं कडं घासत बसायची. मावशी चिडवायची, "काय गं, या वयात कोणाला दाखवायचंय?"

आई हसायची. "हौस आहे गं, दुसरं काय!"

मग ती अचानक, कुणाच्या ध्यानीमनी नसताना गेली. आम्हा ह्मोंग लोकांत मृताच्या अंगावर धातू ठेवत नाहीत, म्हणून कडं माझ्याकडे आलं. ते मला सैल होत होतं. मी ते न्हियापाओकाकांकडे नेलं. आईच्या लग्नात फ्रेंच राजवटीतली जुनी चांदीची नाणी वितळवून त्यांनीच ते घडवलं होतं.

"काका, हे राखेनंच घासू ना? आई रोज घासायची."

काकांची हातोडी थांबली. "रोज? हातातल्या चांदीला राख कशाला लागते, पोरी? ती अंगाला लागूनच उजळ राहते." ते जरा घुटमळले. "काळी पडते ती माणसाला आतून दुखणं लागलं की. तुम्हाला काहीच बोलली नाही ती?"

"नाही."

त्यांनी कडं आवळलं आणि माझ्या मनगटात चढवलं.

त्याला आता महिना होत आला. आज सकाळी मी चुलीपाशी बसले होते. माझी धाकटी, गाओनू, डोळे चोळत उठून आली.

"आई, कडं कशाला घासतेस?"



"हौस आहे गं, दुसरं काय!"