फोटोतले हात

"पुसा ते," ग्रंथपाल बाई म्हणाल्या आणि त्यांनी खोडरबर टेबलावरून पुढे सरकवला.

सिस्टरांनी खोडरबराला हात लावला नाही. वैद्यकीय इतिहासाच्या या ग्रंथालयात शाईला बंदी होती. जे लिहायचं ते पेन्सिलने, म्हणजे चुकलं तर पुसता यावं. सहा महिने बिनपगारी इंटर्नशिप करताना सिस्टरांनी हा नियम निमूटपणे पाळला होता. बाकीचे इंटर्न कॉलेजातले, या एकट्या बासष्टीच्या. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलेली बाई, म्हणून सगळे सिस्टरच म्हणत. "फुकटची हमाली करायची हौसच दांडगी तुला, आई," असं घरी लेक रोज ऐकवायची, आणि सिस्टर रोज सकाळी नऊच्या ठोक्याला हजर असायच्या.

हट्ट एका फोटोचा होता. चार वाजता प्रदर्शनाचं उद्घाटन, आणि दारासमोरच्या भिंतीवर तो फोटो मोठा करून लावलेला. टेबलावर पेशंट, टेबलाशी एक पुरुष आणि एक बाई. जुन्या कार्डावर लिहिलं होतं, 'रुग्णालयाचे संस्थापक शस्त्रक्रिया करताना. सोबत मदतनीस परिचारिका.' सिस्टरांनी ते कार्ड बाजूला ठेवून नव्या कार्डावर लिहिलं होतं, 'शस्त्रक्रियेसाठी सज्ज स्त्री. नाव माहीत नाही. शेजारी संस्थापक.'

"पुरावा काय याला?"

"समोर टांगलाय की एवढा मोठा." सिस्टरांनी भिंग पुढे केलं. "साहेबांच्या बोटात अंगठी आहे, बघा. एक हात टेबलाच्या दांडीवर, दुसरा खिशात. खिशात हात घालून कुणी पोट उघडायला उभं राहतं का? माझ्या थिएटरात असते, तर दारातूनच परत पाठवले असते."

"अहो, हळू बोला."

"आता ही बघा. दोन्ही हात धुऊन, कोपरात वाकवून छातीसमोर धरलेत, कशाला म्हणून लागलेले नाहीत. कोपरावरून पाणी ठिबकतंय. हत्यारांचा ट्रे तिच्या उजव्या हाताला. टेबल उंच पडतंय म्हणून पायाखाली लाकडी पायरी दिलीय. ऑपरेशन ती करणार होती, बाई. साहेब फोटोपुरते आत आलेत."

ग्रंथपाल बाई काही वाईट नव्हत्या. त्यांना फक्त चार वाजताचा कार्यक्रम सुरळीत पार पाडायचा होता. उद्घाटनाला संस्थापकांचा नातूच येणार होता. तोही सर्जन, शिवाय ग्रंथालयाचा विश्वस्त.

"नाव ठाऊक आहे तिचं?"

"नाही."

"मग?"

"मग नाव ठाऊक नाही एवढंच लिहा ना. मदतनीस कशाला लिहिता? ते तरी कुठे ठाऊक आहे तुम्हाला?"

बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला पुढचे सहा महिने ठेवून घ्यायचं पत्र माझ्याकडे सहीला आहे. उगीच माझी पंचाईत करू नका."

या खोल्या, या फायली, कागदांतल्या गंजक्या टाचण्या काढताना जाणारी सकाळ, हे सगळं सिस्टरांना हवं होतं. घरी बसून त्या वेड्या झाल्या असत्या. तरीही त्यांना राग आला होता, आणि राग आला याचं बरंही वाटत होतं. चौतीस वर्षं तो मास्कच्या आत राहिला होता.

चार वाजता दिवाणखान्याएवढ्या त्या दालनात पंचवीस-तीस माणसं जमली. विश्वस्त साहेब आले, आजोबांच्या फोटोसमोर उभे राहिले आणि प्रसन्न हसले. फोटोखालची जागा मोकळी होती. ग्रंथपाल बाईंनी छापील पाटी पर्समधून काढली. चारचौघांत ही नाही म्हणायची नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

"सिस्टर, तुम्हीच लावा. तुमच्या हाताला सफाई आहे."

पाटी पुढे आली. जुन्या कार्डावरचीच दोन वाक्यं तिच्यावर सुबक अक्षरांत छापली होती.

सिस्टरांनी साडीचा पदर कमरेला खोचला. मग दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर वर धरले आणि तशाच उभ्या राहिल्या.

"अहो, घ्या ना," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"नाही घेणार."

सगळे बघायला लागले. साहेबांनी विचारलं, "काय झालं?"

"साहेब, तुम्ही सर्जन आहात," सिस्टर म्हणाल्या. हात स्थिर होते. "थिएटरात असे हात धरून कोण उभं असतं, आणि फोटोतल्या आजोबांसारखे कोण, हे तुम्हीच वाचून दाखवा सगळ्यांना. मग मी पाटी लावते."

साहेब हसत हसतच फोटोकडे वळले. त्यांनी चष्मा चढवला. आधी ट्रे पाहिला, मग लाकडी पायरी, मग त्या बाईचे ओले हात. मग आजोबांकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले. हसू कधी गेलं ते कुणाला कळलं नाही.

"साहेब, पाटी..." बाईंनी आठवण केली.

साहेब वळले. सिस्टरांचे खांदे भरून आले होते, पण हात तसूभरही खाली आले नव्हते. साहेबांनी त्या हातांकडे पाहिलं, आणि आपला पँटच्या खिशातला हात हळूच बाहेर काढला.