बंद म्हणजे बंद

“ब्राउझर बंद करताना ‘नक्की ना?’ असं विचारायलाच हवं,” मी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून म्हणालो. “माणसाचं बोट चुकतं. आमच्याकडे पाहुणा ‘निघतो’ म्हणाला, तरी चहा होईपर्यंत त्याला कुणी सोडत नाही!”

“आपण ब्राउझर बनवतो, पाहुणचार नाही करत,” आमच्या टीमच्या प्रमुख रेगे मॅडम थंडपणे म्हणाल्या. “माणूस बंद म्हणाला, की बंद. उगाच विचारत बसायचं नाही.”

माझं डोकंच फिरलं. “मग मीच चाललो! हा माझा राजीनामा समजा!”

“मंजूर,” मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या.

मी दारापर्यंत गेलो. अगदी हळूहळू गेलो. शेवटी मीच वळून म्हटलं, “मॅडम, चहा घेऊनच निघावं म्हणतो.”