इंजिन नसलेली फियाट

“इंजिन काढून घे,” अर्गिरिस म्हणाला.

फोटिसच्या हातातली कॉफी बशीत सांडली. त्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जपलेली निळी फियाट उभी होती, एकसष्ट सालची. अशा गाडीच्या शोधात अर्गिरिसने किनाऱ्यावरची गावंच्या गावं पालथी घातली होती. शेवटी ती सापडली, चावी फिरवताच इंजिन गुरगुरायला लागलं, आणि आता हा बाबा म्हणतो काढून घे!

“अरे भल्या माणसा, इंजिन म्हणजेच गाडी!”

“तुझ्यासाठी. मला ब्रेक धड पाहिजेत, चाकं पाहिजेत आणि गाद्या फाटलेल्या नकोत. इंजिन तू ठेव, किंमत तेवढी उतरव.”

वेड्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. फोटिसने मुकाट्याने पाने हातात घेतले.

अर्गिरिस वेडा नव्हता, हट्टी होता. त्याच्या बेटावर इंजिनाच्या वाहनांना बंदी होती. सिमेंट, फ्रीज, नवरी, सगळं खेचरांवरून जायचं, आणि खेचरं अर्गिरिसची. लग्न झाल्यावर तो एव्हांथियाला घेऊन समोरच्या किनाऱ्यावरच्या नाफ्प्लिओ शहरात गेला होता, तेव्हा दोघं अशाच निळ्या फियाट टॅक्सीतून हिंडली होती. तेव्हापासून उठता बसता त्याच्या तोंडी गाडी. बेटावरची माणसं त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणून चिडवायची, आणि खेचरांचा दोर धरून पुढे चालता चालता तोही हसायचा.

मग एव्हांथियाचे खुबे गेले. खेचरावर बसणं संपलं. घर बेटाच्या एका टोकाला, बंदर दुसऱ्या टोकाला. चर्च तिकडे, बाजार तिकडे, बहीण तिकडे, आणि कॉफी पीत जिच्याशी कडाडून भांडावं ती मैत्रीणही तिकडेच. तीन वर्षं ती अंगणाबाहेर पडली नव्हती. शेजारी भले होते. खुर्चीत बसवून चौघं उचलून नेतो म्हणाले. तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं.

“चौघांच्या खांद्यावरून माणूस एकदाच जातो. मला घाई नाही.”

तिला बंदरावर जायचं होतं, पण ओझं होऊन नाही. हे अर्गिरिसला कळत होतं आणि त्याचा जीव तुटत होता. तो गावच्या अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. बेटावर गाडी एकच, कचऱ्याची.

“म्हणजे कचरा ऐटीत बसून जाणार, आणि माझी बायको घरात कुजणार?”

अध्यक्षांना एकदम कागद चाळायची आठवण झाली. अर्गिरिसने घरी येऊन चारांतली दोन खेचरं विकायला काढली.

सिमेंट आणणाऱ्या तराफ्यावरून फियाट घरासमोरच्या वाळूत उतरली. उरलेल्या दोन खेचरांनी ती सरळ रेषेत ओढून रस्त्यावर आणली. ऑगस्टमधल्या मेरीमातेच्या सणाची सकाळ होती. अख्खी आळी नव्या कपड्यांत गोळा झाली. अर्गिरिसने मागच्या सीटवर दोन उशा टाकल्या, आरशाला तुळशीची डहाळी बांधली. एव्हांथिया दोन काठ्यांवर, कुणाला हात लावू न देता, अंगणातून येत होती. तेवढ्यात बंदरावरचा पोलीस धापा टाकत पोचला.

“थांबा! इथे मोटारगाडीला बंदी आहे, माहीत नाही?”

“मोटार दाखवा साहेब,” म्हणत अर्गिरिसने बॉनेट उघडलं. आत दोन कलिंगडं होती आणि वाईनची बुधली. पोलिसाने वाकून पाहिलं, मग गुडघे टेकून गाडीच्या खालूनही पाहिलं.

“मग हे आहे तरी काय?”

“छकडा. पत्रा जरा बरा आहे, एवढंच.”

आळी खदखदून हसली. पोलिसाने टोपी काढून डोकं खाजवलं आणि तो बाजूला झाला.

अर्गिरिसने दोर धरला, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. खेचरं निघाली. गाडीही निघाली, ती सरळ शेजारणीच्या भिंतीवर.

“अरे, चाक कोण धरणार? तुझा आजा?” शेजारीण किंचाळली.

अर्गिरिस जागच्या जागी थिजला. जन्मभर तो पुढे चालला होता आणि मागचं सगळं आपोआप मागे येत गेलं होतं. गाडीला वळवावं लागतं, उतारावर थोपवावं लागतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि खेचरं तर दुसऱ्या कुणाच्या हाताला यायची नाहीत.

“तू मागे बस,” तो बायकोला म्हणाला. “कचऱ्याच्या गाडीवाल्याला बोलावतो. त्याला येतं चालवता.”

एव्हांथिया मागच्या दाराशी थांबलीच नाही. तिने पुढचं दार उघडलं, काठ्या आत टाकल्या, सावकाश टेकली आणि एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. मग दोन्ही हातांनी चाक पकडलं.

“अगं, पुढे उतार आहे! मरायचंय का?”

“खुबे गेलेत. पाऊल नाही गेलं.” तिने ब्रेक दाबला. खेचरांनी जोर लावला, गाडी तसूभर हलली नाही.

अर्गिरिसचा चेहरा पडला. हसावं की रडावं, त्याला कळेना. “पण गाडीचं स्वप्न माझं होतं ना गं?”

“मलाही रोज पडायचं,” एव्हांथिया म्हणाली. “चाक माझ्या हातात असायचं, आणि तू असाच पुढे चालत असायचास. खेचरं तेवढी आज नवीन आहेत. हाक आता!”