पाण्यात चालणारा गोंद

दौऱ्यावरून आलेली केतकी बॅग दारातच टाकून माशांच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीपाशी गेली. पाणी गढूळ झालं होतं आणि तिचे दोन्ही मासे उताणे तरंगत होते. शेजारी सासरे खुर्चीत बसून होते. सासूबाई गेल्यापासून ते इथेच राहत, पण परक्याच्या घरात राहावं तसे; कशाला हात लावत नसत.

"टाकीतलं ते प्रवाळ खडकावरून निसटलं होतं," ते म्हणाले. "तू दमून येशील, म्हणून मीच चिकटवलं. बाथरूमच्या फटींसाठी आणलेलं सिलिकॉन होतं ना, बुरशी न धरणारं."

केतकीच्या तोंडाशी काहीबाही आलं, पण भांडायचं त्राण नव्हतं.

"त्यातलं बुरशीचं औषध माशांनाही मारतं, होय गं?"

"हो, बाबा." खोटं बोलायचंही त्राण नव्हतं.

तिने मेलेले मासे बाहेर घेतले, सिलिकॉन खरवडून काढलं, पाणी बदललं. प्रवाळात अजून जीव होता. मग कपाटातली जेलसारख्या गोंदाची ट्यूब काढून तिने त्यांच्यापुढे धरली. "हा पाण्यात चालतो. लावा."

त्यांनी हात मागे घेतले. "मी नको आता."

"माझे हात उठत नाहीत, बाबा. मी सांगते, तुम्ही लावा."

त्यांनी प्रवाळाच्या बुडाला गोंद लावला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ते खडकावर दाबून धरलं. केतकी भिंतीला टेकून खालीच बसली.

"सोडू का?"

"थोडं थांबा," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.